भिंतीला गोधडी हवी, रेनकोट नको

थंडी सुरू झाली की या पानाला येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. मे महिन्यात गच्ची तापते, टाकी तडकली, बोअरला पाणी नाही, आणि नोव्हेंबर लागला की परदेशातल्या वाचकांची पत्रं, भिंत गार पडते, बुरशी येते, हीटिंगचं बिल बघून पोटात गोळा येतो वगैरे. या वेळी इंग्लंडमधून तीन, एडिंबरातून एक आणि वाईहून एक अशी पाच पत्रं आली आणि पाचही फिरून एकाच ठिकाणी येतात म्हणून हा महिना सगळा भिंतींना दिलाय, बाकीच्यांनी रागावू नका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी मूळची सांगलीची, सिव्हिल करून इंग्लंडला आले आणि इथे जुन्या घरांच्या दुरुस्तीचंच काम करते, स्वतः राहते तेही विटांच्या जुन्या घरातच, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं स्वतःचे हात आणि पैसे पोळून शिकलेलं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दीड वर्षापूर्वी लेस्टरमध्ये 1900 च्या आसपासचं टेरेस घर (रांगेतलं, शेजारघरांना चिकटलेलं) घेतलं. पुढच्या बेडरूमची भिंत उत्तरेला आहे, इतकी गार असते की बाळाचा पाळणा तिकडे ठेवायची भीती वाटते. कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. नाशिकहून सासूबाई आल्यात, त्या म्हणतात भिंत रडतेय. एका बिल्डरने आतून फॉइल लावलेला फोमचा बोर्ड, वर जिप्समचं प्लास्टर, दोन दिवसांत काम संपवतो असं सांगितलंय. शेजारचे आजोबा म्हणतात ते करू नका, वूडफायबर (लाकडाच्या तंतूंचा बोर्ड) लावा, ते "ब्रीदेबल", म्हणजे श्वास घेणारं असतं. वूडफायबरचं कोटेशन बरंच जास्त आलंय. खरंच एवढा फरक पडतो का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : पडतो. आजोबांना चहाला बोलवा.

आधी तुमची भिंत कशी आहे ते बघा. बाहेर जाऊन विटांची रचना नीट पाहा. एकाच ओळीत विटेची लांब बाजू, मग विटेचं डोकं, मग परत लांब बाजू असं दिसत असेल तर ती नऊ इंची भरीव भिंत आहे, विटा आडव्या घालून आतबाहेर सांधलेल्या, मध्ये पोकळी नाही. इंग्लंडात पोकळीच्या भिंती 1920 च्या नंतर सर्रास व्हायला लागल्या, त्यामुळे 1900 चं घर म्हणजे जवळपास नक्कीच भरीव. या भिंती बांधल्या चुन्यात आणि चुन्याचं वैशिष्ट्य हे की तो पाणी अडवून धरत नाही. पावसाने बाहेरची वीट भिजणार, मग वारा-ऊन मिळालं की बाहेरून सुकणार, आतून शेगडीची ऊब असायची, थोडी आतूनही सुकणार. कित्येक वर्षं हे असं भिजणं-सुकणं चाललं आणि भिंत उभी राहिली. मग विसाव्या शतकात माणसांनी काय केलं, शेगड्या बुजवल्या, खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या बसवल्या, बाहेरून विटांमधल्या सांध्यांच्या दर्जा सिमेंटने भरल्या आणि आतून जिप्सम आणि प्लॅस्टिकसारखा इमल्शन रंग फासला. आता पाणी शिरतं तिथूनच पण निघायची वाट नाही.

आता तुमच्या बेडरूमचा हिशोब करू, सोपा आहे. कागदावर अशा भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून किती ऊब गळते त्याचा आकडा, 2.1 धरतात (प्रत्यक्षात मोजली तर बऱ्याच जुन्या भिंती याहून बऱ्या निघतात, पण असू दे). बाहेर शून्य डिग्री, आत वीस, तर भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण साडेचौदा डिग्रीला असतो. खोलीतली हवा 60 टक्के दमट असेल, जी बाळ-कपडे-कुकर असलेल्या घरात सहज असते, तर त्या साडेचौदा डिग्रीच्या भिंतीला टेकलेल्या हवेचा दमटपणा 85 टक्क्यांच्या आसपास जातो. बुरशीला थेंब लागत नाहीत, पृष्ठभागापाशी 80 टक्के दमटपणा बरेच दिवस टिकला की ती येते. आणि कपाटामागे तर खोलीची ऊब पोचतच नाही, तिथे भिंत अजून दोन-तीन डिग्री गार, म्हणजे जवळजवळ बारा, आणि बारा डिग्री हाच त्या हवेचा दवबिंदू, तिथे खरोखरचं पाणी सुटतं. सासूबाई बरोबर बोलल्या, भिंत रडतेयच.

आतून 60 मिलिमीटर वूडफायबर लावलं तर तोच पृष्ठभाग साडेअठरा डिग्रीवर येतो. हात लावला तर गार वाटत नाही आणि बुरशीला जागा राहत नाही. पण मग फोमच्या बोर्डानेही तेच होईल की, असं तुम्ही म्हणाल, आणि पहिल्या हिवाळ्यात होतंही. माझ्याकडे झालं होतं.

माझ्या मागच्या खोलीची गोष्ट सांगते. घर नवीन घेतलेलं, हातात पैसा कमी, आणि जो बिल्डर आला त्याने हाच बोर्ड भिंतीवर प्लास्टरचे गोळे थापून त्यावर चिकटवला, म्हणजे बोर्ड आणि विटेमध्ये बोटभर फट. मी सिव्हिल इंजिनिअर असून तिथे उभी राहून बघत होते, हे लिहायला लाज वाटते. दोन हिवाळे खोली मस्त ऊबदार. तिसऱ्या हिवाळ्यात स्कर्टिंगपाशी एक वास यायला लागला, पावसाळ्यात आठवडाभर न वाळलेल्या गोधडीला येतो ना, अगदी तो. शेवटी एका रविवारी बोर्डाचा तुकडा कापून काढला. मागचं फॉइल कोरडंठाक होतं पण त्याच्यासमोरची वीट हाताला ओली लागली, प्लास्टरच्या गोळ्यांभोवती काळ्या ठिपक्यांची रांगोळी, आणि खाली जिथे जमिनीचं लाकडी जॉइस्ट, म्हणजे फळ्या पेलणारी तुळई, भिंतीत शिरतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला तर उकडलेल्या बटाट्यात जावा तसा आत गेला. त्या एका जॉइस्टची दुरुस्ती बोर्डाच्या सगळ्या कामापेक्षा महाग पडली.

का झालं ते बघा. आतून इन्सुलेशन लावलं की खोलीची ऊब भिंतीत जाणं बंद होतं, त्यासाठीच तर ते लावतो, पण त्यामुळे इन्सुलेशनच्या मागची वीट जी आधी साडेचौदा डिग्रीला होती ती आता चार डिग्रीच्या आसपास येते. मग सॉकेटच्या भोकांतून, स्कर्टिंगच्या फटीतून खोलीतली दमट हवा त्या बोटभर पोकळीत शिरली की चार डिग्रीच्या विटेवर पाणीच सुटणार. आणि बाहेरून पावसाने जे पाणी आत येतं ते आधी दोन्ही बाजूंनी सुकायचं, आता आतली बाजू फॉइलने बंद. म्हणजे भिंतीला रेनकोट घातला, तोही आतून, आणि घाम आणि पाऊस दोन्ही आत अडकले.

वूडफायबर म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड. त्याचं काम गोधडीसारखं. ऊब धरतो, पण ओलावा शोषून घेतो, स्वतःत साठवतो, पसरवतो आणि खोलीची हवा कोरडी झाली की परत सोडून देतो. फोमइतका तो गुणी नाही, म्हणजे तेवढ्याच उबेला दुप्पट जाडी लागते (ऊब वाहून नेण्याचा फोमचा आकडा 0.022 च्या आसपास, वूडफायबरचा 0.04 च्या थोडा वर), पण चूक पोटात घालायची त्याची तयारी जास्त. कॉर्क, हेम्प (भांगेचं झाड) आणि चुन्याचं मिश्रण, कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड, कॉर्क घातलेलं चुन्याचं प्लास्टर हे सगळे याच घरातले भाऊबंद. भिंत फारच वाकडीतिकडी असेल तर बोर्डापेक्षा कॉर्क-चुन्याचं प्लास्टर बरं पडतं, कारण ते थापीने भिंतीच्या वळणावर बसतं.

जाडीचा मोह आवरा. सगळ्यात जास्त भांडण माझं क्लायंटशी याच्यावर होतं. 2.1 च्या भिंतीला 40 मिलिमीटर वूडफायबर लावलं की ती 0.7 वर येते, म्हणजे गळणारी दोन-तृतीयांश ऊब तिथेच वाचली. 60 लावलं की 0.53, तीन-चतुर्थांश वाचली. 100 लावलं तर 0.36, म्हणजे 40 मिलिमीटर जास्त घालून वर फक्त आठेक टक्के मिळाले आणि मागची वीट मात्र अजून गार अजून ओली, खोलीही लहान झाली. त्यामुळे मी 40 ते 60 च्या वर सहसा जात नाही, त्यातही नैर्ऋत्येची, पावसाचा मारा खाणारी भिंत असेल तर 40 च. तुमची उत्तरेची आहे, तिच्यावर पाऊस तसा कमी झोडपतो, 60 चालेल.

आता क्रम. हा चुकला तर वूडफायबरही वाचवणार नाही. पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि छताची पन्हळ बघा, भरून वाहतेय का, खाली येणारा पाइप मागून भिंतीवर गळतोय का. माझ्या अंदाजाने ज्याला लोक "डॅम्प" म्हणतात त्यातलं निम्मं दुखणं तिथेच असतं आणि शिडी लावून पन्हळीतली पानं काढली की संपतं. मग बाहेरची माती किंवा फरशी घरातल्या जमिनीपेक्षा वर आली असेल तर ती खाली घ्या. सिमेंटने भरलेल्या दर्जा उकरून परत चुन्यात भरून घ्या, जिथे फुटल्यात तिथे तरी. मग एक उन्हाळा थांबा. हो, अख्खा उन्हाळा. ओल्या भिंतीवर गोधडी घातली तर गोधडीच कुजेल. कुणी मीटर टोचून "राइझिंग डॅम्प (जमिनीतून चढणारी ओल) आहे, इंजेक्शन मारू" म्हणालं तर लगेच हो म्हणू नका, ते मीटर लाकडासाठी बनलेलं असतं, विटेतल्या क्षारांनीही ते वर जातं.

मग आतलं जिप्सम आणि वॉलपेपर सगळं खरवडून विटेपर्यंत यायचं, त्यावर चुन्याचा आठ-दहा मिलिमीटरचा हात मारून भिंत सपाट करायची कारण बोर्ड पूर्ण चिकटून बसला पाहिजे, मागे पोकळी एक रुपयाएवढीसुद्धा नको. चुना रोज साधारण एक मिलिमीटर या हिशोबाने सुकतो, म्हणजे दहा-बारा दिवस त्यातच गेले, तुमच्या दोन दिवसवाल्या बिल्डरला हे सांगून बघा. मग चुन्याचाच मसाला बोर्डाच्या पूर्ण पाठीवर लावून बोर्ड दाबून बसवायचे, वरून खिळ्या, मग चुन्याच्या थरात जाळी, मग शेवटचा पातळ हात. पाच डिग्रीच्या खाली चुन्याचं काम करू नका. आणि स्वतः करणार असाल तर गॉगल आणि हातमोजे घालाच, विड्यात चुना जरा जास्त पडला तर जीभ पोळते, डोळ्यात गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

खिडकीच्या बाजूच्या कोनांना विसरू नका, तिथे जागा नसते म्हणून कारागीर सोडून देतात आणि पुढच्या हिवाळ्यात बुरशी बरोब्बर तिथे जाऊन बसते, तिथे 20 मिलिमीटरचा तरी बोर्ड घ्या. जमिनीच्या फळ्या उचलून जॉइस्टची टोकं तपासा, लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर आधी तो विषय संपवा, आणि इन्सुलेशन त्या पोकळीतही खालपर्यंत न्या.

आणि शेवटचं, ज्याला पैसे लागत नाहीत. चार माणसांच्या घरात श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून रोज दहाएक लिटर पाणी हवेत जातं. आपल्या घरात तर कुकरच्या शिट्या, पोह्याला वाफ, इडलीपात्र, आणि रेडिएटरवर टाकलेली लंगोटं. गॅसवरचा पंखा बाहेर हवा फेकणारा आहे ना, फिल्टरमधून परत खोलीत सोडणारा नाही ना, बघा. नियमाप्रमाणे बाथरूमचा पंखा सेकंदाला 15 लिटर आणि गॅसवरचा 30 लिटर हवा बाहेर काढणारा हवा. टिश्यू पेपरचा तुकडा जाळीवर धरून बघा, चिकटला नाही तर पंखा नुसता आवाज करतोय. तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या आणि पाळणा आतल्या भिंतीकडे.

प्रश्न : "श्वास घेणारी भिंत" म्हणजे भिंतीतून हवा येते-जाते का? मग गारवाही येणारच ना? माझा नवरा म्हणतो हे सगळं मार्केटिंग आहे. — एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे, शब्द चुकीचा आहे. भिंत श्वासबीस काही घेत नाही. हवा आतबाहेर जाणं आणि वाफ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. माठ आठवा, माठातून हवा फुंकून बाहेर काढता येत नाही पण पाणी झिरपतं, वाफ होऊन उडून जातं. तसं. चुन्याचं सलग प्लास्टर हवेला चांगलं अडवतं आणि अडवायलाच हवं, कडेला, जमिनीपाशी, छतापाशी टेप किंवा लवचीक मसाल्याने बंद करावंच लागतं कारण फटीतून जाणारी हवा जेवढा ओलावा भिंतीत नेते तेवढा सलग प्लास्टरमधून झिरपणाऱ्या वाफेने कधी जात नाही. घराची हवा बदलायला खिडकी आणि पंखा.

आणि मार्केटिंग कुठे आहे तर ते रंगाच्या डब्यावर. "ब्रीदेबल" लिहिलेला कुठलाही इमल्शन घेऊ नका. सिलिकेट रंग, मातीचा रंग किंवा साधी चुन्याची सफेदी. इतकं सगळं चुन्याचं करून वर व्हायनल इमल्शन फासलेलं मी पाहिलंय, म्हणजे तुपातली पुरणपोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली.

प्रश्न : पूर्व लंडनमध्ये आमचं व्हिक्टोरियन घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) आहे, लिस्टेड (वारसा-यादीतलं) नाही. आतून इन्सुलेशन करायला परवानगी लागते का? एक माणूस दारावर येऊन म्हणाला सरकारी योजनेत फुकट करून देतो, फक्त सही करा. — एक वाचक, लंडन

उत्तर : लिस्टेड नसेल तर आतल्या कामाला सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, कॉन्झर्व्हेशन एरिया बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींचा विचार करतो. लिस्टेड असतं तर आतलं एक कॉर्निस (छताच्या कडेची नक्षी) काढायलाही संमती घ्यावी लागली असती. पण बिल्डिंग रेग्युलेशन सगळ्यांना आहेत, कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवा. नियमात भिंत सुधारताना यू-व्हॅल्यूचा 0.30 चा आकडा लिहिलेला आहे, तो बघून घाबरून शंभर-सव्वाशे मिलिमीटर थापू नका, जुन्या पद्धतीच्या बांधकामात ओलाव्याचा धोका असेल तर त्याहून कमी इन्सुलेशनवर थांबायची मुभा त्याच नियमांच्या मार्गदर्शनात आहे, फक्त ते कारण लिहून द्यावं लागतं. इथे चांगला सर्वेअर पैसे वसूल करून देतो. भिंतीतला ओलावा काळाप्रमाणे कसा हलेल याचं गणित करणारं वूफी नावाचं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचं, सर्वेअरला विचारा ते चालवतो का. साधं दवबिंदूचं गणित पाऊस धरतच नाही आणि विटेच्या भिंतीत खरा खेळ पावसाचा असतो.

फुकटवाल्याबद्दल. योजना वाईट असतात असं मी म्हणणार नाही, पण 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने दोन सरकारी योजनांचा हिशोब मांडला त्यात बाहेरून इन्सुलेशन केलेल्या 98 टक्के घरांत आणि आतून केलेल्या 29 टक्के घरांत मोठे, दुरुस्त करावेच लागतील असे दोष निघाले. दहातली तीन घरं. त्यामुळे दारावर सही नाही. आधी विचारा, कुठलं मटेरियल, जॉइस्टचं काय करणार, खिडकीच्या कोनांचं काय, पंखे कोण बसवणार, आणि हे सगळं लेखी. तो गोंधळला तर दार लावून घ्या, गार वारा येतो.

एक चांगली बातमी, ग्रेट ब्रिटनमध्ये घराचं इन्सुलेशन कॉन्ट्रॅक्टरने मटेरियलसकट बसवून दिलं तर त्यावर 31 मार्च 2027 पर्यंत व्हॅट शून्य आहे. बोर्ड स्वतः दुकानातून आणलेत तर मात्र तुम्हाला पूर्ण व्हॅट पडतो, त्यामुळे "मटेरियल तुम्ही आणा, स्वस्त पडेल" या सल्ल्याचा आधी हिशोब करा. आणि सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शन्ट बिल्डिंग्ज म्हणून 1877 मध्ये विल्यम मॉरिस आणि मंडळींनी काढलेली संस्था आहे, त्यांची जुन्या घरांसाठी फोनवर फुकट सल्ला देणारी सेवा आहे, ती वापरा.

प्रश्न : सौ. ताईंस नमस्कार. आमचा वाईला जुना वाडा आहे, खालच्या भिंती दोन-अडीच फुटांच्या, दगड-मातीच्या, वरचा मजला विटांचा. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो उन्हाळ्यात वर बसवत नाही तर भिंतींना आतून थर्माकोल लावून पीओपी करू आणि एसी बसवू. खाली मात्र भिंतींना लोणा लागून पोपडे पडतात, पंधरा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता. माझं वय 68, मला हे पटत नाही पण मला कारण सांगता येत नाही. — एक वाचक, वाई

उत्तर : काका, कारण मी सांगते, तुम्ही मुलाला वाचून दाखवा.

लेस्टरच्या ताईंना जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही, कारण त्यांची भिंत नऊ इंच आणि बाहेर सहा महिने थंडी. तुमची भिंत दोन फूट. दुपारी तीनला बाहेरून तापलेली भिंत आतपर्यंत तापायला आठ-दहा तास किंवा जास्तच घेते, तोवर रात्र होते, खिडक्या उघडल्या की भिंत परत निवते. खालच्या सोप्यात मे महिन्यातही जो गारवा असतो तो हाच. आतून थर्माकोल लावला तर त्या गार भिंतीपासून तुम्ही स्वतःलाच तोडलं, मग एसी लागणारच. आणि एसी लावला की पावसाळ्यात उलटा खेळ सुरू होतो, बाहेरची दमट हवा भिंतीतून आत येते आणि एसीने गार केलेल्या थर्माकोल-पीओपीच्या मागच्या बाजूला जाऊन ओली होते. इंग्लंडात पाणी भिंतीच्या बाजूला सुटतं, तुमच्याकडे खोलीच्या बाजूला सुटेल, बुरशी मात्र तीच. पीओपी म्हणजे जिप्समच, ओल लागली की भिजलेल्या बिस्किटासारखं होतं.

वरचा मजला तापतो तो भिंतींमुळे कमी आणि छपरामुळे जास्त. वर पत्रा आहे का कौलं हे तुम्ही लिहिलं नाहीत. पत्रा असेल तर त्याच्याखाली हवा खेळती राहील अशी फट ठेवून लाकडी तक्तपोशी करा, तिच्यावर इन्सुलेशन टाका, आणि वरची हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाईल अशा झरोक्यांना जाळ्या लावा. मुलाचे पैसे तिथे खर्च होऊ देत, पहिल्याच उन्हाळ्यात कळेल.

आता खालचा लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, पूर्वी ते चुन्या-मातीच्या गिलाव्यातून उडून जायचं आणि क्षार गिलाव्यावर यायचे, दर काही वर्षांनी तेवढा गिलावा बदलला की झालं. सिमेंटने वाट बंद केली म्हणून पाणी अजून वर चढतं आणि सिमेंटच्या मागे क्षारांचे खडे फुगून गिलावा ढकलून देतात. पोपडा पडलेला हातात घेऊन त्याची मागची बाजू बघा, पांढरी पिठूळ दिसेल. सगळा सिमेंटचा गिलावा काढून टाका, छिन्नी हळू चालवून, मशीन नको, दगड हलतात. सहा महिने भिंत उघडी ठेवा, पावसाळा सोडून. वाड्याबाहेर भिंतीला लागून फरशी आणि सिमेंटचं कोंक्रीट केलं असेल तर हातभर पट्टा उखडून खडी भरा.

मग चुना. नाशिक-पुण्याकडे आणि किल्ल्यांच्या कामावर चुन्याचं काम केलेले गवंडी अजून मिळतात, शोधावे लागतात. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना, वाळू, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, उडदाचं पीठ, प्रत्येक गवंड्याची आपली रीत असते आणि प्रत्येकजण दुसऱ्याची चुकीची म्हणतो. फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवा, तुम्ही जेवायला गेलात की कुणी तरी "लवकर धरावं म्हणून" घमेल्यात मूठभर सिमेंट टाकतं. डबा घेऊन तिथेच बसा.

मुलाला नवीन मटेरियलचीच हौस असेल तर त्याला वेरूळचं सांगा. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे मिसळलेले आहेत, जवळजवळ दहा टक्के, असं आपल्याच संभाजीनगरच्या संशोधकांनी शोधून 2016 मध्ये छापलं. अजिंठ्यात ते नाही आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलंय, वेरूळला तसं झालं नाही. आज युरोपात हेम्प-लाइम म्हणून जे महाग विकतात ते याच झाडाच्या खोडाचे तुकडे आणि चुना.

प्रश्न : एडिंबरामध्ये वाळूच्या दगडाच्या टेनमेंटमध्ये (जुन्या, फ्लॅटच्या इमारतीत) दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. भिंतींवर जुन्या लाकडी पट्ट्यांवरचं प्लास्टर आहे, वर सुंदर नक्षी. ते पाडायची इच्छा नाही. काही उपाय? — एक वाचक, एडिंबरा

उत्तर : पाडू नका. त्या पट्ट्या आणि दगडाच्या मध्ये दोन-चार सेंटिमीटरची पोकळी असते, तिच्यात वरून छोटी भोकं पाडून इन्सुलेशनचे दाणे किंवा तंतू सोडता येतात, हिस्टॉरिक स्कॉटलंडने (आताचं हिस्टॉरिक एन्व्हायरनमेंट स्कॉटलंड) याचे प्रत्यक्ष घरांत प्रयोग करून पाहिलेत. पण ती पोकळी दगडातून आलेलं पाणी सुकायची जागाही आहे, त्यामुळे बाहेरचा दगड, दर्जा आणि पन्हळ ठणठणीत असतील तरच. दुसऱ्या मजल्यावर पन्हळीची जबाबदारी सगळ्या जिन्याची असते, म्हणजे आधी शेजाऱ्यांची मीटिंग, आणि ती इन्सुलेशनपेक्षा अवघड, याला माझ्याकडे उपाय नाही. तोवर खिडक्यांच्या लाकडी झडपा दुरुस्त करून रात्री लावून घ्या आणि जाड पडदे, फरक लगेच जाणवेल.

प्रश्न : वूडफायबर लावून झालं, चुन्याचं प्लास्टर सुंदर झालंय. आता नवऱ्याला 55 इंची टीव्ही त्याच भिंतीवर हवाय. — लेस्टरचीच वाचक, वरचं उत्तर आधी कळवल्यावर आलेलं दुसरं पत्र, घाईघाईत

उत्तर : अहो, तुम्हाला एक उन्हाळा थांबायला सांगितलं होतं! बरं, झालंच आहे तर टीव्ही आतल्या भिंतीवर लावा, बोर्डाला तेवढं वजन पेलत नाही आणि आरपार विटेत घेतलेला लांब लोखंडी बोल्ट म्हणजे थंडी आत आणणारी पळी, त्याच्या टोकाशी ओलं होणार. बोर्ड बसवण्याआधी सांगितलं असतं तर तिथे लाकडी पट्टी घालून ठेवता आली असती. नवरा ऐकतच नसेल तर टीव्हीला खाली टेबल. आणि पन्हळ साफ केली का ते कळवा.